काम नाकारण्याचा हक्क

स्वतःच्या हिमतीवर धंदा करणाऱ्या कारागिराला एक सल्ला सर्वत्र दिला जातो. येईल ते काम अंगावर घेऊ नये. पारखून, निवडून घ्यावे. ज्या कामात मजुरीही सुटणार नाही ते नम्रपणे नाकारावे, ज्या गिऱ्हाइकाची नियत ठीक दिसत नाही त्याच्या दारी पुन्हा जाऊ नये, आणि जे आपल्या हातचे नाही ते दुसऱ्याकडे पाठवावे. सल्ला खोटा नाही. जुने जाणते गवंडी, सुतार, प्लंबर आपल्या हाताखालच्या पोरांना हेच सांगत आले आहेत. परंतु हा सल्ला देताना एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ती म्हणजे काम नाकारले तरी त्या रात्री कारागिराच्या घरी चूल पेटणार आहे. समाजवादी कार्यकर्त्याने विचार करायचा तो नेमका या गृहीताचा.

हा प्रश्न मूठभरांचा नाही. सरकारच्याच श्रमबल सर्वेक्षणानुसार २०२३-२४ साली देशातील कामकऱ्यांपैकी ५८.४ टक्के लोक 'स्वयंरोजगारी' या सदरात मोडत होते. या आकड्यात शेतकरी आहेत, टपरीवाले आहेत आणि घरच्या धंद्यात बिनमोबदला राबणाऱ्या स्त्रियाही आहेत. रंगारी, वायरमन, फरशीवाला, सुतार हे त्यातलेच. राज्यकर्ते हा आकडा उद्यमशीलतेचा पुरावा म्हणून मिरवतात. वस्तुस्थिती अशी आहे की कारखान्याचे दार बंद झाले, शेतीत भागेना, म्हणून ज्याने हातात थापी किंवा पक्कड घेतली, तोही याच सदरात मोजला जातो. १९८२ च्या संपानंतर मुंबईतील गिरणगावात कितीतरी घरांनी हा बदल पाहिला. मालक नाहीसा झाला, पण त्याबरोबर हजेरीपट, प्रॉव्हिडंट फंड आणि भरपगारी रजाही नाहीशी झाली. उरले ते स्वातंत्र्य. आणि त्या स्वातंत्र्याची किंमत कारागीर रोज आपल्या पदरातून मोजतो.

ही किंमत कशी मोजली जाते हे एका साध्या हिशेबावरून दिसेल. समजा, एका रंगाऱ्याने एका घराचे काम मजुरीपुरते २४,००० रुपयांत उक्ते घेतले. दहा दिवसांत हातावेगळे होईल असा त्याचा अंदाज. दोन हेल्पर, प्रत्येकी ६०० रुपये रोज, म्हणजे दहा दिवसांचे १२,०००. येणे-जाणे, ब्रश, पॉलिश पेपर, शिडीचे भाडे मिळून आणखी १,५००. उरले १०,५००, म्हणजे स्वतःच्या श्रमाचे रोजचे १,०५० रुपये. कागदावर काम चांगले आहे. परंतु भिंत खरवडल्यावर ओल निघाली, जुना रंग पापुद्र्यांनी सुटू लागला, पुट्टीचे हात वाढले आणि दहाचे सोळा दिवस झाले. हेल्परांचे १९,२०० झाले, वरखर्च २,४०० वर गेला, आणि रंगाऱ्याच्या हाती सोळा दिवसांचे मिळून २,४०० रुपये उरले. रोजचे दीडशे! आता शेवटच्या दिवशी 'खिडकीच्या काचेवर डाग राहिले' असे म्हणून घरमालकाने शेवटचे ४,००० रुपये अडकवले, तर त्या सोळा दिवसांसाठी रंगाऱ्याने आपल्या खिशातून १,६०० रुपये घातले असा त्याचा अर्थ होतो. शिवाय पुढील काम मिळेपर्यंतचे रिकामे दिवस, हत्यारांची झीज आणि गिऱ्हाइकाने दाखवलेले काम पाहायला जाऊन फुकट गेलेली सकाळ, यांचा हिशेब कोणीच मांडत नाही.

या हिशेबातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की जोखीम कामात आहे, आणि ती सगळीच्या सगळी कारागिराच्या माथी आहे. भिंतीतली ओल घराची, घर मालकाचे, पण ओलीचा खर्च रंगाऱ्याचा, हा न्याय कोणत्याही नीतीत बसत नाही. दुसरी गोष्ट अधिक कटू आहे. रंगाऱ्याला तोटा आला की त्याचा पहिला आघात हेल्परांवर होतो. त्यांचे रोज थकते, 'पुढच्या कामात देतो' असे वायदे होतात. म्हणजे जो स्वतः नागवला जातो तोच हाताखालच्याला नागवण्याचे साधन बनतो. शोषणाची ही उतरंड समजून घेतल्याशिवाय स्वयंरोजगारी कारागिराला निव्वळ 'छोटा मालक' म्हणून बाजूला सारणे किंवा निव्वळ 'गरीब बिचारा' म्हणून कुरवाळणे, दोन्ही सारखेच निरर्थक आहे.

मग तोट्याचे काम कारागीर घेतो तरी का? त्याला हिशेब कळत नाही म्हणून नव्हे. खोलीचे भाडे थकलेले असते, शाळेची फी भरायची असते, हार्डवेअरच्या दुकानात उधारी तुंबलेली असते, आणि पावसाळा तोंडावर आलेला असतो. बाहेरून रंग देण्याचे काम त्या चार महिन्यांत बंदच पडते. अशा वेळी रिकाम्या दिवसापेक्षा निम्म्या मजुरीचा दिवस बरा, हे गणित चुकीचे म्हणता येत नाही. त्यातून आणखी एक भीती असते. आपण नाही म्हटले तर नाक्यावर उभा असलेला दुसरा हो म्हणेल. आणि तो म्हणतोही. एकट्याने दाखवलेला शहाणपणा दर टिकवू शकत नाही. फार तर तो एका कारागिराला वाचवतो आणि तोटा दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवतो. 'निवडून काम घ्या' हा सल्ला म्हणूनच ज्याच्या गाठीला दोन महिन्यांची बेगमी आहे त्याच्याच उपयोगाचा ठरतो. बाकीच्यांना तो टोमण्यासारखा लागतो.

जेथे केवळ पैशाचा प्रश्न असतो तेथे हे एक वेळ सोसता येईल. परंतु कित्येकदा प्रश्न जिवाचा असतो. तुंबलेला नळ पाहायला बोलावलेल्या माणसाला गेल्यावर सांगितले जाते की, शौचालयाच्या टाकीत उतरून पाहा. पंख्याचे बटण बदलायला गेलेल्या वायरमनला, शेजाऱ्यांची गैरसोय नको म्हणून, चालू लाइनवरच काम करायला सांगितले जाते. तिसऱ्या मजल्यावर परांची न बांधता दोरीवर लटकून पाइप जोडायला लावले जाते. टाकीच्या बाबतीत कायदा निःसंदिग्ध आहे. २०१३ च्या कायद्याने गटारांची व सेप्टिक टाक्यांची धोकादायक सफाई माणसाकडून करवून घेण्यास मनाई केली असून, पहिल्या गुन्ह्यासाठीही दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. अशा मृत्यूंबद्दल दहा लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला आणि २०२३ साली ती रक्कम तीस लाखांवर नेली. तरीही माणसे उतरतात आणि विषारी वायूने गुदमरून मरतात. कारण कायदा काम सांगणाऱ्याला मनाई करतो. पण ज्याला ते सांगितले जाते त्याच्या अंगी 'मी उतरणार नाही' असे म्हणण्याचे बळ कायदा आपोआप आणू शकत नाही. ते बळ पोटातून यावे लागते, किंवा पाठीशी उभ्या असलेल्या संघटनेतून.

काम नाकारण्याच्या हक्काला या भूमीत मोठा इतिहास आहे, याचे विस्मरण होऊ नये. बलुतेदारीच्या व्यवस्थेत सुताराला, लोहाराला, चांभाराला गावाचे काम नाकारण्याची मुभा नव्हती. सुगीला मिळणाऱ्या पेंढीच्या मोबदल्यात वर्षभर राबणे त्याच्या जन्माला चिकटलेले होते. महार वतनाची गोष्ट तर याहून दारुण. मिळणारे वतन नाममात्र आणि कामाला मर्यादा नाही, अशा त्या गुलामीविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात विधेयक आणले. परंतु कनिष्ठ गाव वतने नाहीशी करणारा कायदा होण्यास १९५८ साल उजाडावे लागले. या लढ्याचा गाभा असा होता की, कोणते काम करायचे आणि कोणते नाही, हे ठरवण्याचा अधिकार माणसाचा स्वतःचा आहे. जातीने बांधलेले काम रोख मजुरीचे झाले ही निश्चितच प्रगती आहे. परंतु जन्माने लादलेली सक्ती जाऊन तिच्या जागी भुकेची सक्ती आली, तर अर्धीच वाट चालून झाली असे म्हणावे लागेल. टाकीत उतरणारा आजही बहुधा कोणत्या जातीचा असतो हे पाहिले, म्हणजे जुनी सक्तीही पुरती गेलेली नाही हे ध्यानी येते.

गेल्या दहा-बारा वर्षांत या सक्तीने एक नवा पोशाख चढवला आहे. मोबाइलवरून गिऱ्हाइकाला प्लंबर, सुतार, सौंदर्यसेविका पुरवणाऱ्या कंपन्या आपल्या कामकऱ्यांना 'भागीदार' म्हणतात. ते स्वतंत्र व्यावसायिक आहेत, वाटेल तेव्हा काम घ्यावे, वाटेल तेव्हा सोडावे, असे करारात लिहिलेले असते. प्रत्यक्षात नाकारलेल्या प्रत्येक कामाची नोंद यंत्र ठेवते, आणि स्वीकारलेल्या कामांची टक्केवारी ठराविक रेषेखाली गेली की भागीदाराचे खातेच बंद होते. २०२१ च्या ऑक्टोबरात गुरुग्राम येथे अशा एका कंपनीच्या दारात स्त्री-कामगार वाढत्या कमिशनविरुद्ध धरणे धरून बसल्या; २०२३ साली खाती बंद केल्याच्या निषेधार्थ पुन्हा ठिकठिकाणी निदर्शने झाली. जेथे नाही म्हटल्याबद्दल शिक्षा आहे तेथे भागीदारी नाही, चाकरी आहे. फक्त मालकाने मालकपण अंगाला लावून घेतलेले नाही, एवढेच.

कायद्याने या सर्वांसाठी काय केले? २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिच्यात अशा कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम कामगारांच्या निधीत भरावी अशी तरतूद आहे. मात्र कामगारांना दिलेल्या वा देय असलेल्या रकमेच्या पाच टक्के ही तिची कमाल मर्यादा. ही तरतूद तुटपुंजी असली तरी तेथे निदान देणारा कोणी तरी आहे. स्वतःच्या ओळखीवर घरोघर काम करणाऱ्या कारागिरासाठी अंशदान भरणारा कोणीच नाही. बांधकाम कामगारांसाठी १९९६ च्या कायद्याने कल्याण मंडळे आली, बांधकाम खर्चावर उपकर आला. परंतु नोंदणीसाठी वर्षात नव्वद दिवस बांधकामावर असल्याचा दाखला लागतो. जो गवंडी एका मोठ्या बांधकामावर तीन महिने असतो त्याला तो दाखला मिळू शकतो. जो वर्षभर घरोघर दोन-दोन दिवस दुरुस्ती करतो त्याने तो कुणाकडून आणावा? काम अधिक, घरे अधिक, पण नोंद कुठेच नाही, अशी ही विचित्र अवस्था आहे.

या बाबतीत दोष केवळ सरकारकडे बोट दाखवून संपत नाही. डाव्या व समाजवादी चळवळीने अनेक वर्षे संघटनेचा विचार कारखान्याच्या फाटकापासून सुरू केला. ज्याला मालक नाही त्याची युनियन कशी, हा प्रश्न चळवळीतही विचारला जात असे. १९७२ साली अहमदाबादेत इला भट्ट यांनी 'सेवा' संघटना नोंदवायला नेली तेव्हा सरकारी अधिकाऱ्यांची हरकत हीच होती, की या बायकांना मालक नाही, मग त्या लढणार कुणाशी? त्यांना मिळालेले उत्तर आजही लक्षात ठेवण्याजोगे आहे: संघटना कुणाच्या तरी विरुद्ध असलीच पाहिजे असे नाही, ती कष्टकऱ्यांच्या एकीसाठी असते. महाराष्ट्रातही दाखला आहे. हमालाला एक मालक नसतो. तो आज या गाळ्यावर, उद्या त्या गाळ्यावर. पुण्यात बाबा आढावांनी उभारलेली हमाल पंचायत, मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी बांधलेली माथाडी कामगारांची संघटना, आणि या लढ्यांमधून आलेला १९६९ चा माथाडी कायदा यांनी सिद्ध केले की मालक बदलता असला तरी हक्क स्थिर करता येतात. व्यापाऱ्याने मजुरीबरोबर लेव्ही मंडळात भरायची आणि मंडळाने हमालाला पगार, प्रॉव्हिडंट फंड, बोनस द्यायचा, ही त्यातील साधी व्यवस्था. पाठीवर पोते वाहणाऱ्यासाठी जे शक्य झाले, ते खांद्यावर हत्यारांची पिशवी वाहणाऱ्यासाठी अशक्य का मानावे?

तेव्हा कार्यकर्त्यांनी करावयाचे काम स्पष्ट आहे, आणि त्यासाठी कायद्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. प्रत्येक नाक्यावर, प्रत्येक वस्तीत कारागिरांची पंचायत उभी राहू शकते. तिने प्रथम किमान दर ठरवावे आणि उक्त्या कामाचा एक साधा छापील कागद तयार करावा. जागा पाहिल्याशिवाय आकडा सांगायचा नाही. काय काम समाविष्ट आणि काय नाही हे लिहायचे. ओल, कुजलेले लाकूड, गंजलेला पाइप निघाल्यास वाढीव कामाचा दर आधीच ठरवायचा. इसार घेतल्यावाचून सुरुवात नाही आणि टप्प्याटप्प्याने पैसे घेतल्यावाचून पुढचा टप्पा नाही. माल शक्यतो गिऱ्हाइकाने आणायचा, कारागिराने आपल्या उधारीवर नव्हे. हेल्परांचे रोज त्या त्या आठवड्याला चुकते करायचे, हा नियमही त्याच कागदात आला पाहिजे. अन्यथा पंचायत ही छोट्या मालकांची टोळी होईल.

दुसरे काम याहून महत्त्वाचे. ज्या घरी एका कारागिराचे पैसे बुडाले, त्या घरचे अर्धवट काम दुसऱ्याने चौकशी केल्याखेरीज उचलायचे नाही. पंचायतीत वही असावी, तक्रार आली की दोन माणसांनी जाऊन दोन्ही बाजू ऐकाव्यात, आणि मगच निर्णय द्यावा. ज्या दिवशी 'याला हाकलून दुसरा आणीन' ही धमकी निष्फळ ठरेल, त्या दिवशी नाही म्हणण्याची ताकद एकट्याची न राहता सर्वांची होईल. धोक्याच्या कामाबाबत तर चर्चेलाच जागा नको. टाकीत उतरणे, चालू लाइनवर हात घालणे, परांचीवाचून उंचीवर चढणे, ही कामे पंचायतीचा कोणताही सभासद कोणत्याही मोबदल्यात घेणार नाही, असा ठराव जाहीरपणे झाला पाहिजे. आणि त्यापायी ज्याचा रोज बुडेल त्याला सामाईक निधीतून तो रोज मिळाला पाहिजे. पावसाळ्याच्या बेगमीसाठीही हाच निधी, पतसंस्थेच्या रूपाने, उपयोगी पडेल.

यापुढचा टप्पा सहकाराचा. महाराष्ट्रात मजूर सहकारी संस्था कागदोपत्री पुष्कळ आहेत, पण त्यांतील कित्येक ठेकेदारांनी व पुढाऱ्यांनी गिळल्या, हे कुणापासून लपलेले नाही. तेवढ्यावरून मार्गच चुकीचा ठरत नाही. केरळात १९२५ साली वाग्भटानंद गुरूंच्या प्रेरणेने, सुधारणावादी विचारांपायी काम मिळेनासे झालेल्या मूठभर मजुरांनी उरळुंगल येथे सहकारी संस्था स्थापली. ज्यांना काम नाकारले गेले होते त्यांचीच ती संस्था पुढे रस्ते आणि पूल बांधण्याची कामे स्वतः घेऊ लागली, आणि शंभर वर्षांनंतरही ती उभी आहे. सभासद हा खरोखर राबणारा असला आणि हिशेब उघडा असला, म्हणजे सहकार कसा टिकतो हे तेथे पाहावे.

या कार्यक्रमावर दोन आक्षेप येतील. एक असा की, दर बांधले तर झोपडीतल्या गिऱ्हाइकाने नळ कसा दुरुस्त करून घ्यावा? आक्षेप योग्य आहे. त्याचे उत्तर बंगल्याचा आणि झोपडीचा दर वेगळा ठेवण्यात आहे. कारागीर आजही शेजाऱ्याचे काम चहावर करतो, ती माणुसकी नियमाने मोडायची नाही. दुसरा आक्षेप असा की, कारागीरही फसवतात, इसार घेऊन पसार होतात. हेही खरे आहे. म्हणूनच गिऱ्हाइकाची तक्रारही त्याच वहीत लिहिली गेली पाहिजे आणि बिघडलेले काम पंचायतीने पदरमोड करून नीट करून दिले पाहिजे. जी संघटना आपल्या माणसाच्या कामाची हमी घेत नाही, तिला त्याच्या मोलाची हमी मागण्याचा नैतिक अधिकार राहत नाही.

सरकारकडे मागायचे तेही मागावेच. दुरुस्तीची कामे करणाऱ्यांना स्वघोषणा व पंचायतीचा दाखला यांवर नोंदणी मिळाली पाहिजे, गृहनिर्माण संस्थांच्या देखभालखर्चावर अल्पसा उपकर बसवून माथाडीच्या धर्तीवर कारागिरांचे मंडळ झाले पाहिजे, आणि नगरपालिकांनी आपल्या शाळा-दवाखान्यांची किरकोळ दुरुस्ती ठेकेदारांऐवजी कारागिरांच्या सहकारी संस्थांना दिली पाहिजे. परंतु मागणीला वजन येते ते मागणाऱ्यांच्या संख्येने आणि शिस्तीने. पक्षाच्या प्रत्येक शाखेने येत्या पावसाळ्यापूर्वी आपल्या भागातील एका नाक्यावर सकाळी जाऊन उभे राहावे, भाषणासाठी नव्हे तर यादी करण्यासाठी: कोण कोणते काम करतो, कुणाचे किती पैसे कुठे अडकले आहेत, कुणाला कोणत्या धोक्याच्या कामाला 'हो' म्हणावे लागले. बुडालेल्या मजुरीची पहिली रक्कम वसूल होईल तेव्हा पंचायतीचा पहिला सभासद आपोआप मिळालेला असेल.